नागपूरजवळ जुनी मोटार तीन वर्षं कमी किरायात कुठे ठेवता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे, धरमपेठेतलं घर बिल्डरकडे चाललंय, तुम्ही तीन वर्षांसाठी देशाबाहेर जाताय, गाडी विकायची नाही आणि दर महिन्याला फार खर्च झेपणार नाही. मी हे सगळं केलं आहे. माझ्याकडे वडिलांची १९७२ ची ॲम्बेसेडर आहे. नोकरीमुळे नऊ वर्षं नागपूरबाहेर होतो, तेवढ्या काळात गाडीच्या तीन जागा झाल्या. पहिली साफ चुकली, दुसरी नशिबानं फार चांगली मिळाली, तिसरी आजही आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

बिल्डरच्या करारावर अजून सही झाली नसेल तर पहिलं काम तिथेच आहे. बांधकाम होईपर्यंत तुम्हाला दुसरीकडे राहण्याचा किराया मिळतो ना, त्याच कलमात गाडीच्या बंदिस्त जागेचा किरायाही घालून घ्या. घराच्या व्यवहारापुढे ही रक्कम एवढी लहान असते की त्यासाठी सहसा कोणी अडून बसत नाही. सही झाल्यावर मागाल तर मात्र कोणी ऐकत नाही. नव्या इमारतीत तुमच्या वाट्याला एकावर एक गाड्या चढवणारं यांत्रिक पार्किंग येणार की जमिनीवरचं, हेही आत्ताच विचारा. आणि "राहू द्या ना गाडी साइटवरच, कोपऱ्यात" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. सिमेंटची धूळ रंगावर बसते, त्यावर दव किंवा पाणी पडलं की ती तिथेच घट्ट होते आणि रंगासकटच निघते.

आता जागा. सामान ठेवायला देणाऱ्या कंपन्या चौरस फुटांवर दर लावतात. पद्मिनी सुमारे तेरा फूट लांब आणि पाच फूट रुंद. दारं उघडायला आणि भोवती फिरायला जागा धरली तर दीडशे चौरस फूट लागतात. तो हिशोब तीन वर्षांनी गुणला की आकडा तुमच्या आवाक्याबाहेर जाईल. शिवाय टाकीत पेट्रोल असलेली गाडी आत घ्यायला अनेक जण नाही म्हणतात.

माझं मत विचाराल तर नागपुरातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली जागा कुठल्याही जाहिरातीत सापडत नाही. लक्ष्मीनगर, बजाजनगर, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, स्वावलंबीनगर या भागांत संध्याकाळी पायी फिरा. प्लॉट घेऊन स्वतः घर बांधलेली पिढी तिथे अजून राहते. मुलं पुण्याला, हैदराबादला, नाहीतर परदेशात. घराला गॅरेज आहे, त्यात जुना कूलर, सायकल आणि रंगाचे रिकामे डबे आहेत, आणि आई-वडील दोघंच आहेत. अशा घरी ओळखीतून जा. दूधवाला, पेपरवाला, कॉलनीतला किराणा दुकानदार, तुमच्या वडिलांचे ऑफिसातले जुने सहकारी, यांना सांगून ठेवलं की आठ-पंधरा दिवसांत दोन-तीन पत्ते मिळतात.

मला दुसरी जागा अशीच मिळाली. प्रतापनगरातले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. मी किराया विचारला तर काका म्हणाले, "किराया काहून देता? गाडी उभी असली म्हणजे घरात कोणी आहे असं वाटते." मी तरी महिन्याचे हजार रुपये ठरवले, कारण फुकटच्या जागेत आपल्याला काही सांगायची सोय राहत नाही. पण त्या हजारात मला जे मिळालं ते दहा हजारांच्या गोडाऊनमध्ये मिळालं नसतं. काकू उन्हाळ्यात कुरडया-पापडाचं वाळवण गॅरेजमध्ये ठेवायच्या, त्यामुळे शटर रोज वर जायचं. रोज हवा खेळायची, उंदरानं घर करायला घेतलं तर तिसऱ्या दिवशी कळायचं. एकदा गाडीखाली तेलाचा डाग दिसला तर काकांनी त्याच संध्याकाळी मला फोन केला. डाग जुन्या गॅस्केटचा होता, फार काही नव्हतं, पण तो फोन आला याचं मोल मी विसरलो नाही.

म्हणून किराया ठरवताना मी आधी हे बघतो की तिथे रोज दार कोण उघडणार. छप्पर, भिंती, कुलूप हे त्यानंतर.

हवामानाच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. नागपूर समुद्रापासून लांब आहे, मुंबईसारखी खारी हवा इथे पत्रा खात नाही. ऑक्टोबर ते मे हवा बहुतेक कोरडी असते. गंजाचे महिने साधारण चार, जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचे. उन्हाळा वेगळ्या तऱ्हेनं छळतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, पारा ४५-४६ च्या पुढे जातो तेव्हा बुटक्या टिनाच्या शेडमध्ये गाडीचा डॅशबोर्ड तडकतो, दारांची रबरं कडक होऊन चिरतात. छप्पर टिनाचंच असेल तर उंच असावं आणि वरच्या बाजूला गरम हवा बाहेर पडायला वाट असावी. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सुचणार नाही, नागपूरकराला लगेच पटेल: खिडकीतला कूलर. पोर्चमध्ये गाडी उभी असेल आणि डोक्यावर कूलर असेल तर एप्रिलपासून जूनपर्यंत त्याचं बोअरचं पाणी टपावर थेंबथेंब गळतं. मडगार्डच्या कडेनं पांढरे डाग पडतात आणि त्याच्याखाली गंज धरतो. जागा हिवाळ्यात बघायला गेलात तर कूलर दिसणार नाही, त्याचं लोखंडी स्टँड मात्र भिंतीला असतं. ते बघा.

पाण्याचं तर विचारूच नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट या भागांत घराघरात पाणी होतं आणि दारातल्या गाड्या पाण्यात होत्या. चांगल्या, महागड्या वस्त्या आहेत त्या. त्यामुळे वस्ती चांगली म्हणून जागा सुरक्षित असं धरू नका. त्या पहाटे पाणी कुठपर्यंत आलं होतं हे शेजारच्या दोन घरी विचारा, मालकाला विचारू नका. तळघरातलं पार्किंग कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

शहराबाहेर जायचंच असेल तर दिशा बघून जा. अमरावती रोडवर वाडी हा गोडाऊनचा पट्टा आहे, तिथे मोठ्या गोडाऊनचा एखादा कोपरा मिळू शकतो. हिंगणा एमआयडीसीत बंद पडलेल्या कारखान्यांच्या शेड आहेत, पण एमआयडीसीचा प्लॉट परवानगीशिवाय पोटभाड्यानं देता येत नाही. उद्या तिथे कुलूप लागलं तर तुमची गाडी आत अडकेल. कोराडी-खापरखेडा बाजू मी टाळीन. औष्णिक वीज केंद्रांची राख बारीक असते आणि ती कव्हरच्या आत जाते. तशी गाडी कोरड्या कापडानं पुसली की रंगावर काचकागद फिरवल्यासारखे ओरखडे येतात. कळमेश्वर-काटोलकडच्या संत्र्याच्या बागांत चांगली पक्की फार्महाऊस आहेत. तिथे राहणारा माळी आणि त्याचं कुटुंब असेल तर जागा उत्तम. मालक फक्त रविवारी येत असेल तर नको.

आणि गोडाऊनमध्ये शेजारी काय ठेवलं आहे हे बघितल्याशिवाय होकार देऊ नका. खताची पोती असतील तर लगेच परत फिरा. खत हवेतलं पाणी ओढतं आणि त्याची बारीक पूड जिथे बसते तिथे लोखंड खाते. धान्याचं गोडाऊन वरून स्वच्छ दिसतं, पण धान्याला कीड लागू नये म्हणून तिथे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू माणसाला जीवघेणा आहेच, शिवाय तो तांब्या-पितळेला गंजवतो. म्हणजे गाडीची सगळी वायरिंग, डायनॅमो, स्विच. आणि धान्य आलं की उंदीर, घुशी आल्याच. कापसाजवळ तर आगीच्या भीतीनं कोणी गाडी ठेवूही देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

माझी पहिली जागा उमरेड रोडच्या बाजूला, ओळखीच्या ओळखीतली टिनाची शेड होती. चारशे रुपये महिना. मी खूश होतो. खाली काळी माती, तिच्यावर पातळ कोबा घातलेला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे कोब्याला तडे गेलेले होते, ते मी बघितले आणि दुर्लक्ष केलं. वरून मी स्वतःच्या हातानं गाडीवर चांगली जाड प्लास्टिकची ताडपत्री घालून दोरीनं आवळली होती, पाणी लागू नये म्हणून. जूनमध्ये ठेवलेली गाडी दिवाळीला उघडली. जमिनीतून वर आलेली ओल ताडपत्रीच्या आत अडकून चार महिने गाडीवरच बसली होती. मागच्या सीटवर हिरवी बुरशी, दारांच्या खालच्या कडा फुगलेल्या, डिकीचा तळ बोटानं दाबला तर आत गेला. बोनेटखाली उंदरानं वायरी कुरतडून एअर क्लिनरमध्ये घर केलं होतं. दारांच्या आतल्या पुठ्ठ्याला उदई, म्हणजे वाळवी, लागली होती. वडील तेव्हा होते. ते गाडीजवळ आले, हात लावला आणि काही बोलले नाहीत. वाचवलेल्या किरायाच्या कितीतरी पट पैसे पत्र्याच्या कामात गेले, पण मला अजून आठवतो तो त्यांचा हात.

म्हणून फरशीची परीक्षा स्वतः करा. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद फरशीवर अंथरा, चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा फरशी काळपट झाली असेल तर जमिनीतून ओल येते आहे. ही परीक्षा मे महिन्यात केली तर कुठलीही जागा पास होते, जुलै-ऑगस्टमध्ये करा. कव्हर सुती किंवा हवा जाणारंच घ्या. काही नसेल तर जुन्या सुती चादरी शिवून घातल्या तरी प्लास्टिकपेक्षा चांगलं.

आता कागद. प्रतापनगरच्या जागेत चौथ्या वर्षी काका अचानक गेले. तेराव्यानंतर मुलानं काकूंना आपल्याकडे नेलं आणि घराला कुलूप लावलं. त्याची काहीच चूक नव्हती. गॅरेजमधली गाडी कोणाची, कोणत्या बोलीवर ठेवली, हे सांगणारा एकही कागद घरात नव्हता, आणि घर विकायचं तर ती जुनी गाडी भंगारवाल्याला देऊन टाका असा सल्ला त्याला कोणीतरी दिलाही होता. काकूंना माझं नाव आठवलं म्हणून गाडी वाचली. तेव्हापासून माझा नियम ठरला: पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार, त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, किराया, मुदत, गाडी कोणाच्या सांगण्यावरून बाहेर काढायची त्याचं नाव आणि जागा सोडायला दोन महिन्यांची आगाऊ सूचना. मालकाच्या मुला-मुलीशी एकदा फोनवर बोलून त्यांनाही कराराचा फोटो पाठवायचा. आरसी आणि दुसरी चावी जागेच्या मालकाकडे नको, तुमच्या नागपुरातल्या नातेवाईकाकडे ठेवा. आरसीवर अजून वडिलांचंच नाव असेल आणि ते नसतील, तर जाण्याआधी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्या. परदेशातून हे काम फार जड जातं.

आरसीची मुदत नीट बघा. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. तुमची मुदत या तीन वर्षांत संपत असेल तर गाडी बंद करण्याआधीच काय करता येतं ते विचारा, नाहीतर परत आल्यावर उशिराचा दंड भरावा लागेल. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे, वर पर्यावरण कर. हा खर्च किरायात धरूनच हिशोब करा. नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली नसेल तर तीही आत्ताच बसवा. जुनी गाडी म्हणजे भंगारात द्यावीच लागेल असं लोक घाबरवतात; वयावरून पेट्रोल गाडी बंद करण्याची ती गोष्ट दिल्ली परिसरातली, नागपुरातली नव्हे. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आहे, पण तुमची पद्मिनी त्यात २०३२ मध्ये बसेल. माझी ॲम्बेसेडर आत्ताच बसते, तरी मी केली नाही, कारण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही आणि मला ती चालवायची आहे. विमा कंपनीला गाडी बंद राहणार आहे हे लेखी कळवून निदान आग आणि चोरीचं संरक्षण मागा. गाडीची किंमत फोटो देऊन आधीच ठरवून घ्या. एवढ्या जुन्या गाडीची किंमत दोघांच्या संमतीनं ठरते, आपण गप्प बसलो तर ती फार कमी लावली जाते.

गाडी ठेवण्याच्या तयारीत सगळ्यात महत्त्वाचं पेट्रोल. आधी सल्ला असायचा की टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत हवा राहत नाही आणि गंज धरत नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, पाणी तळाला बसतं, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि जुने रबरी पाइप फुगतात. तीन वर्षांसाठी टाकी पूर्ण रिकामी करा, आत थोडं इंजिन ऑइल फिरवून घ्या आणि कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल इंजिन चालवून संपवा. टाकी रिकामी आहे म्हटल्यावर जागा देणाऱ्याचीही भीती जाते. इंजिन ऑइल बदलूनच गाडी उभी करा, जुन्या काळ्या तेलातलं आम्ल बेअरिंग खातं. बॅटरी काढून घरी कोणाला तरी द्या. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा. गाडी लाकडी ठोकळ्यांवर घ्या, ठोकळे मागे ॲक्सलखाली आणि पुढे सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली द्या म्हणजे स्प्रिंगा लटकत राहणार नाहीत. हँडब्रेक अजिबात ओढून ठेवू नका, ड्रमला चिकटतो. सायलेन्सरच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बांधा. गाडीत खाण्याचा एक कणही राहू देऊ नका. डांबराच्या गोळ्या ठेवा, पण उंदीर खरोखर थांबतात ते माणसाच्या वावरानं आणि पिंजऱ्यानं.

मग दर महिन्याला एक माणूस. यासाठी तुमच्या वडिलांचा जुना मेकॅनिक हयात असेल तर त्यालाच शोधा. त्यानं दर महिन्याला यायचं, कव्हर काढून अर्धा तास गाडी उघडी ठेवायची, क्लच आणि ब्रेकचं पेडल दहा-दहा वेळा दाबायचं, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं आणि तुम्हाला चार फोटो पाठवायचे: फरशी, बोनेटखालचं, डिकी, टायर. त्याच्या फेरीचे पैसे फोटो आल्यावर लगेच पाठवा, साठवून ठेवू नका. "दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करा" असं सांगणारे खूप भेटतील. तसं करू नका. इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, आणि तो आतून सडतो. चालवायची तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी, नाहीतर शांत उभी राहू द्यावी.

माझा आजचा खर्च सांगतो म्हणजे अंदाज येईल. त्रिमूर्तीनगरातल्या एका गॅरेजचे दीड हजार आणि मेकॅनिकच्या फेरीचे पाचशे, मिळून दोन हजार महिना. तुम्ही कधी जाणार ते लिहिलेलं नाही. पावसाळ्याआधी जाणार असाल तर जागा मे महिन्यात पक्की करू नका. गाडी तेवढे चार महिने एखाद्या नातेवाइकाच्या पक्क्या पोर्चमध्ये राहू द्या, पोळ्याच्या सुमारास पाऊस चालू असताना कोणाला तरी दोन-तीन जागा बघायला पाठवा आणि गाडी दसऱ्यानंतर, जमीन वाळल्यावर हलवा. जागा ठरली की फरशीचा फोटो टाका, मी बघून सांगीन.